समुपदेशनाची पाटी लावण्याआधी

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय: "यंदा मानसशास्त्रात एम.ए. झालं. मैत्रिणी, नातेवाईक माझ्यापाशी मन मोकळं करतात. सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सही केलाय. घराची रस्त्याकडची खोली रिकामी आहे. 'समुपदेशन व मार्गदर्शन केंद्र' अशी पाटी लावून सुरुवात करू का? आणि या व्यवसायाचा पाया नेमका कशावर उभा असतो?"

ताई, पाटी लगेच लावू नका. निदान वर्षभर थांबा. का थांबायचं आणि त्या वर्षात काय करायचं ते सांगते, पण आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

माणसं तुमच्याशी बोलतात ही चांगली गोष्ट आहे. ती नसती तर या वाटेला जाऊच नका असं म्हटलं असतं. पण आपल्या भागात सल्ला देणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. दहावीचा निकाल लागला की मामा सांगतो, क्लासचे सर सांगतात, सोसायटीचे चेअरमन सांगतात, पारावरचे अण्णा सांगतात. संसार मोडायला आला की दोन्हीकडची चार शहाणी माणसं बैठक बसवतात. यातलं कुणी वाईट नसतं. पण प्रत्येकाला त्या निर्णयातून काहीतरी हवं असतं. मामाला भाचा दुकानात हवा असतो, सरांना ॲडमिशन हवी असते, बैठकीतल्यांना गावात शोभा व्हायला नको असते. त्या पोराला, त्या सुनेला असं माणूस कुठं भेटतच नाही, ज्याला त्यांच्या निर्णयातून स्वतःसाठी काहीच नकोय. ते माणूस होणं हा आपला व्यवसाय. मी पाया म्हणते तो हा. शिक्षण, गोपनीयता, ठरलेली वेळ, फी, नोंदी, वरिष्ठांची देखरेख हे सगळं तो पाया खचू नये म्हणून आहे. यातलं एक जरी सुटलं तरी तुम्ही हळूहळू त्या बैठकीतलं पाचवं शहाणं माणूस होऊन बसता.

इतिहासात गेलात तरी हेच सापडेल. व्यवसाय म्हणून या कामाची सुरुवात 1908 पासून धरतात. त्या वर्षी फ्रँक पार्सन्स यांनी अमेरिकेत बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं. परदेशातून आलेल्या, गरीब घरांतल्या कोवळ्या मुलांना मिळेल त्या कामाला जुंपलं जात होतं, तो काळ. पार्सन्स यांची मांडणी तीन पायऱ्यांची: स्वतःला ओळखा, कामांची खरी माहिती घ्या, आणि मग दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. कुणी काय व्हावं हे दुसऱ्याने ठरवायचं नसतं, विचार कसा करायचा एवढ्यापुरतीच मदत करता येते, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी ते वारले, त्यांचं पुस्तक 1909 मध्ये आलं. वेड्यांच्या इस्पितळात स्वतः राहून आलेल्या क्लिफर्ड बिअर्स यांनी तिथले हाल 1908 मध्येच लिहून काढले आणि त्यातून मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली. त्याआधी 1905 मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन चाचणी आली होती. काम, मन आणि मापन असे हे तीन प्रवाह. आजचा समुपदेशक या तिन्हींचा वारसदार आहे.

पुढे अमेरिकेतल्याच मिनेसोटात मानसशास्त्रज्ञ विल्यमसन यांनी तज्ज्ञाला मध्यभागी बसवलं: माहिती गोळा करा, चाचण्या घ्या, निदान करा, दिशा दाखवा. 1942 मध्ये कार्ल रॉजर्स यांनी ही मांडणीच उलटी केली. समोरच्या माणसात स्वतःची वाट शोधण्याची ताकद असते, आपण तशी परिस्थिती निर्माण करायची, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडे अजूनही विल्यमसनच जास्त चालतात, आणि तेही अर्धेच. चाचणी घेतली, छापील अहवाल हातात ठेवला, पैसे घेतले, झालं.

भारतात या कामाची सुरुवात 1938 मध्ये कलकत्ता विद्यापीठात झाली. मुंबईत 1941 मध्ये बाटलीबॉय यांचं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र आलं. स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली, 1954 मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी स्वतंत्र ब्युरो काढला, आणि 1964-66 च्या कोठारी आयोगाने तर मार्गदर्शन हे शिक्षणाचंच अंग आहे, ते प्राथमिक शाळेपासून हवं, असं स्पष्ट म्हटलं. ज्या जिल्ह्यात कर्मवीरांनी पोरांच्या राहण्या-खाण्याची सोय करून 'कमवा आणि शिका' उभं केलं, त्या साताऱ्यात आणि शेजारच्या आपल्या सांगलीत आज मार्गदर्शन म्हणजे काय उरलंय? निकालानंतर मंगल कार्यालयात भरणारं एक दिवसाचं शिबिर, आणि मंचामागे प्रायोजक क्लासचा फ्लेक्स. मला याचा मनापासून राग येतो. ज्याला त्या मुलाच्या निवडीतून फी मिळणार आहे, त्यानेच त्याला निवड शिकवायची?

मार्गदर्शन आणि समुपदेशन यांतला फरक पुस्तकात दोन ओळींत संपतो. खोलीत तो असा समोर येतो. तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदललेत.

खानापूर तालुक्यातलं पोरगं, बारावी झालेलं. त्या भागात गलाईचा धंदा किती घरांत आहे हे तुम्हाला माहीतच आहे. विटा, आटपाडी, तासगावकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामात देशभर पसरलीत. याचा मामा दक्षिणेत एका मोठ्या शहरात. वडील घेऊन आले आणि खुर्चीत बसायच्या आतच म्हणाले, "मॅडम, ह्याला जरा समजावून सांगा. मामा चार वर्षांत सोताचं दुकान करून देतो म्हणतोय. आणि ह्याला भरती मारायची हाय म्हणं." पोरगं जमिनीकडे बघत होतं.

वडिलांना मी आधी एवढंच सांगितलं की फी तुम्ही भरताय, पण इथलं बोलणं त्याचं आहे. त्यानं सांगितलेलं मी तुम्हाला सांगणार नाही, त्याच्या जिवाला धोका असेल तेवढं सोडून. हे चालणार असेल तर सुरू करू. ते जरा थबकले, मग बाहेर जाऊन बसले. हे दोन मिनिटांचं बोलणं टाळलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पहिल्या भेटीत जे झालं ते मार्गदर्शन. भरती म्हणजे त्याच्या डोक्यात कायमची नोकरी होती. 2022 पासून सैन्यभरतीसाठी अग्निपथ योजना आहे, चार वर्षांची सेवा, आणि त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच पुढे कायम करतात, हे त्याला नीट कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं. पोलीस भरती वेगळी, तिची लेखी वेगळी. आयटीआय, डिप्लोमा, मुक्त विद्यापीठ, सगळं टेबलावर मांडलं. त्यानं वहीत उतरवून घेतलं. इथं थांबले असते तर मी एक बरी माहिती खिडकी ठरले असते.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "मामाकडे कधी जाऊन राहिलायस का?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, सातवीच्या सुट्टीत गेलो होतो. भट्टीजवळ ॲसिडचा धूर यायचा, रात्री खोकला थांबायचा नाही, आणि तिथं काम करणाऱ्या पोरांच्या हातांकडे बघवायचं नाही. "घरी सांगितलंस?" "कसं सांगू मॅडम? माझी अकरावी-बारावीची फी मामानंच भरलीय." भरती हे त्याचं स्वप्न वगैरे काही नव्हतं. मामाला नाही म्हणायला वापरता येईल असं एकमेव मानाचं कारण होतं ते. मिलिटरीत जायचंय म्हटलं की आपल्याकडे कुणी वाद घालत नाही.

आता काम बदललं. ज्याच्या अन्नावर, पैशावर आपण शिकलो त्याला नकार कसा द्यायचा, नकार दिला तर आपण कृतघ्न ठरतो का, आई भावापुढे उघडी पडेल का, या प्रश्नांना माहिती पुरत नाही. हे समुपदेशन. यात मी मामाची बाजू घेतली नाही, पोराचीही घेतली नाही. मामाकडून एक वर्ष मागून घ्यायचं हे त्याचं त्यानेच ठरवलं. फोनवर काय बोलायचं याची तालीम आम्ही खोलीत केली, मी मामा झाले. प्रत्यक्षात मामा रागावलाच. पण ते बोलणं पोराचं स्वतःचं होतं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात पोरगं पुन्हा आलं, तेव्हा ताठ बसलं होतं.

अशा वेळी तोंडावर आलेला सल्ला गिळता येणं ही आपली पहिली कारागिरी. ऐकायला सोपं वाटतं म्हणून एक छोटं उदाहरण देते. एखादी बाई म्हणते, "माझंच चुकत असेल. सासूबाई म्हणतात तसं." तुम्ही मैत्रीण असाल तर म्हणाल, "छे गं, तुझं काही चुकत नाही." आत्या असाल तर म्हणाल, "मोठ्या आहेत, जरा सांभाळून घे." दोन्हींत निकाल दिलात, आणि तिचं बोलणं तिथंच संपलं. समुपदेशक म्हणेल, "सारखं तेच ऐकून आता तुम्हालाही तसंच वाटायला लागलंय." आणि थांबेल. पुढची दहा-पंधरा सेकंदं काहीही न बोलता बसणं शिकायला लोकांना महिने लागतात. ती बाई मग हो म्हणेल, किंवा चिडून म्हणेल, "नाही, मला नाही तसं वाटत!" दोन्ही चालतं. दोन्हींत ती स्वतःचं बोलायला लागते.

रॉजर्स यांनी 1957 मध्ये या नात्याच्या अटी लिहिल्या. त्यातल्या तीन सगळ्यांना पाठ असतात: समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, विनाअट स्वीकार, आणि स्वतः खरं असणं. तिसरी सगळ्यात अवघड. आतून कंटाळा आलाय, राग आलाय, आणि चेहऱ्यावर गोड हसू, हे समोरच्याला कळतं. विनाअट स्वीकाराचा अर्थही नीट घ्या. बायकोला मारणाऱ्या माणसाचं मारणं तुम्ही स्वीकारत नाही. तो बदलायला आलाय, माणूस म्हणून बोलण्याच्या लायकीचा आहे, एवढं स्वीकारता.

नुसतं ऐकणं पुरतं असं मात्र मी म्हणणार नाही. रॉजर्स यांच्याशी माझे मतभेद इथं सुरू होतात. अभ्यासिकेत तीन-चार वर्षं काढलेला एमपीएससीचा मुलगा येतो. "पोस्ट निघालीच पाहिजे, नाहीतर मी शून्य," असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो. तिथं अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत फार उपयोगी पडते. ती महाराष्ट्रात रुजवण्याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांचं. परीक्षेतल्या अपयशामुळे वाईट वाटतं, पण मी शून्य आहे हा निष्कर्ष त्या अपयशातून आपोआप निघत नाही, तो मी काढलेला असतो. तो तपासता येतो, खोडता येतो. हे त्याच्यासोबत कागदावर मांडायचं. पण आधी त्याचं ऐकून झालेलं असेल तरच. नाहीतर त्याला तेही घरच्यांच्या लेक्चरसारखंच वाटतं.

चाचण्यांबद्दल थोडं कडक बोलते. बिनेची चाचणी धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली, म्हणून तिचं नाव बिने-कामत. परदेशातली चाचणी आहे तशी उचलून इथल्या मुलांना लावता येत नाही, प्रमाणं इथल्याच मुलांवर काढावी लागतात, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. आज जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोराला इंग्रजीतली संगणकीय चाचणी देतात आणि 'भाषिक क्षमता कमी' असा रंगीत आलेख काढतात. कुठलीही चाचणी वापरण्याआधी विचारा: ही कुठल्या मुलांवर, कुठल्या भाषेत, कधी प्रमाणित केली? मिळालेला गुण मोजणीतल्या चुकीमुळे किती मागेपुढे असू शकतो? उत्तर मिळत नसेल तर वापरू नका. आवड आणि क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत हेही पालकांना दर वेळी सांगावं लागतं. राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी काही वर्षं झाली. तिच्या अहवालात 'कला' आलं म्हणून रडत आलेल्या आया मी पाहिल्यात. आणि बोटांच्या ठशांवरून मेंदू आणि करिअर सांगणारे जे फिरतात, त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही. अशांची एजन्सी घ्या म्हणून तुम्हाला फोन येतील. घेऊ नका.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. गोपनीयतेचे नियम पुस्तकांत आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांतल्या माणसांनी लिहिलेले. तिथं समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारा माणूस खोलीबाहेर पुन्हा भेटत नाहीत. सांगलीत विश्रामबागेत गाडी लावली तरी कुणीतरी नंबर ओळखतो. तुमच्याकडे येणारी बाई पुढच्याच आठवड्यात लग्नात तुमच्या पंगतीला असते. तिची नणंद तुमच्या वहिनीच्या भिशीत असते. इथं गोपनीयता जपायची तर ती विटा-सिमेंटपासून बांधावी लागते.

म्हणून तुमच्या रिकाम्या खोलीकडे पुन्हा बघा. तिचं दार घरातून असेल तर ती खोली या कामाची नाही. कोण आलं हे तुमच्या घरच्यांना दिसता कामा नये, चहा घेऊन कुणी आत येता कामा नये. आतलं बोलणं बाहेरच्या कट्ट्यावर ऐकू येतं का, हे स्वतः बाहेर उभं राहून तपासा. मी दोन भेटींमध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवते, एक जाणारा आणि एक येणारा समोरासमोर येऊ नयेत म्हणून. नोंदी कुलपात, त्यावर नाव नाही, क्रमांक. नाव आणि क्रमांकाची यादी वेगळ्या जागी.

पैशांचंही असंच. यूपीआयवर तुमचं खातं 'समुपदेशन केंद्र' नावाने असेल तर तुमच्याकडे आलेल्या बाईच्या नवऱ्याच्या मोबाइलवर तसा मेसेज जाऊ शकतो. साधं स्वतःचं नाव ठेवा. व्हॉट्सॲपवर वेळ ठरवण्यापलीकडे काही बोलू नका, कारण कितीतरी घरांत फोन एकच असतो आणि तो सगळे बघतात. पहिल्याच भेटीत सांगून ठेवा: "बाजारात, देवळात, लग्नात भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन." हे ऐकून माणसं किती सैलावतात ते बघा.

नातेवाईक आणि मैत्रिणींना समुपदेशन करायचं नाही. तुम्ही लिहिलंय की त्याच तुमच्याशी बोलतात. बोलू द्या, मैत्रीण म्हणून ऐका, पण त्यांना खोलीत घेऊ नका. मोठ्या शहरात असलेल्यांना मी म्हणते, ओळखीचं कुणीच नको. आपल्याकडे तो नियम पाळला तर कुणीच येऊ शकणार नाही. मी रेघ अशी ओढलीय: ज्यांच्याशी रक्ताचं, पैशाचं किंवा शिकवण्याचं नातं आहे त्यांना दुसऱ्याकडे पाठवते. नुसतं तोंडओळखीचं माणूस असेल तर ती ओळख पहिल्या भेटीत उघड बोलते आणि मग ठरवायचं त्याच्यावर सोडते.

गोपनीयतेला मर्यादा आहेत, आणि त्या माणूस बोलायला लागायच्या आधी सांगायच्या असतात, नंतर नाही. जिवाला धोका, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. न्यायालयाचा आदेश. आणि पोक्सो. 2012 च्या त्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी प्रेमप्रकरणाचं सांगायला येते तेव्हाही हा कायदा तुमच्या खोलीत बसलेला असतो. म्हणून तिला आधी सांगा, सोप्या शब्दांत, घाबरवून न सोडता. मग काय आणि किती बोलायचं हे ती ठरवेल.

दुसरी मर्यादा आपल्या कामाची. रात्र-रात्र झोप नाही, खाणं सुटलंय, कानात आवाज येतात, आठवडाभर न झोपताही माणूस उत्साहाने धावतोय, दारू अचानक बंद केल्यावर हात थरथरतायत, असं काही दिसलं की मानसोपचारतज्ज्ञ. आपण औषध देत नाही आणि कुणाचं चालू औषध बंदही करत नाही. मिशन इस्पितळ उभारणाऱ्या डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून लांबलांबून, पार कर्नाटकातून माणसं मिरजेला दाखवायला येतात, त्यात कुणाला संकोच नाही. त्याच मिरजेत मानसोपचाराच्या ओपीडीला जायचं म्हटलं की मात्र पाय अडखळतात. ती भीती कमी करणं हे आपलं काम. चिठ्ठी देऊन हात झटकू नका. पहिल्यांदा जाताना काय विचारतील, किती वेळ लागेल हे सांगा, आणि जाऊन आल्यावर फोन करा.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा. "जगणं नकोसं झालंय का? स्वतःला संपवायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. बहुतेकांना सुटका झाल्यासारखं वाटतं, की अखेर कुणीतरी विचारलं. उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका विश्वासू माणसाला त्याला सांगूनच सामील करून घ्यायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. आपल्या द्राक्षाच्या, उसाच्या भागात घरोघरी फवारणीची औषधं असतात. ती कुलपात, शक्यतो शेजाऱ्याच्या ताब्यात ठेवायला घरच्यांना सांगायचंच. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो लिहून हातात द्या. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलंय, त्याला शिक्षा होऊ नये म्हणून. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात नेत नाहीत अशी घरं आहेत, त्यांना हे माहीत असलं पाहिजे.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बाहेरून बरेच उत्साही लोक आले. छावणीतल्या बायकांना गोल बसवून "काय झालं ते सांगा, रडा, मोकळ्या व्हा" असं चाललं होतं. आपत्तीनंतर पहिल्या दिवसांत असं उकरून काढायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची मांडणी अगदी साधी आहे: बघा, ऐका, जोडून द्या. जनावरं कुठं आहेत, रेशनकार्ड भिजलंय, पोरगी पलीकडच्या गावात अडकलीय, या गोष्टींची सोय लावणं हेच त्या घडीचं मानसिक काम. ज्यांना बोलायचंय त्यांचं ऐका. ज्यांना नाही त्यांच्याशेजारी बसा. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये हे शिकवलं नसेल.

तर त्या एका वर्षात काय करायचं. तुमचं एम.ए. ही चांगली सुरुवात आहे, पण त्यात प्रत्यक्ष माणसासमोर बसणं कमी असतं. समुपदेशनाचा असा पदविका अभ्यासक्रम घ्या ज्यात प्रात्यक्षिक आणि देखरेखीखालचं काम आहे. एखाद्या दवाखान्यात, महिला समुपदेशन केंद्रात किंवा शाळेत अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करा. तुमची प्रत्येक केस कुणाला तरी सांगता आली पाहिजे, अर्थात ओळख लपवून. सुपरव्हिजन म्हणतात ते हेच. मी अजूनही महिन्यातून दोनदा माझ्या वरिष्ठांशी बोलते. कुठल्या केसमध्ये मीच मामा होऊन बसलेय हे मला आतून दिसत नाही, त्यांना दिसतं. मन थकलं असेल तर स्वतः समुपदेशन घ्या, त्यात कमीपणा नाही.

कायद्याने आज 'समुपदेशक' ही पाटी लावण्यापासून तुम्हाला कुणी अडवणार नाही, आणि नेमकं म्हणूनच स्वतःला अडवावं लागतं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' मात्र लावू नका. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांचे काही प्रकार घेतलेत. त्याखालची नोंदणी जशी सुरू होईल तसं लक्ष ठेवा, आपली कागदपत्रं आणि कामाच्या तासांच्या नोंदी तयार ठेवा.

फी घ्या. फुकट करू नका. फुकटात तुम्ही उपकार करणारं माणूस होता, आणि उपकार करणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. वरच्या पोराचंच दुखणं. परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातल्या काही वेळा कमी फीच्या ठेवा, पण ठरवून. आणि क्लास, कॉलेज, परदेशी ॲडमिशनवाले, इस्पितळ, कुणाकडूनही मुलं किंवा पेशंट पाठवण्याचं कमिशन घ्यायचं नाही. एकदा घेतलंत की त्या मुलाच्या निवडीत तुमचा वाटा आला.

स्वतंत्र खोलीपेक्षा शाळेपासून सुरुवात केलीत तर मला जास्त आवडेल. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलंय, त्यामुळे जागा निघतील. रुजू होण्याआधी मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी लेखी घ्या. मुलांशी बोलायला दार लावता येईल अशी खोली, स्टाफरूमचा कोपरा नाही. मुलाने सांगितलेलं वर्गशिक्षकांना आणि पालकांना कधी सांगायचं, कधी नाही, याचा नियम. आणि शिक्षा म्हणून कुठल्याही मुलाला समुपदेशकाकडे पाठवलं जाणार नाही, ही हमी. तिसरीवर बहुतेक जण हसतात. ती लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.